चिठ्ठी, शिक्का आणि बटण

आमची आजी बैलांना हात जोडायची ती बेंदराच्या दिवशी. बेंदूर नसताना तिने एकदाच हात जोडले आणि ते बैल खरे नव्हते, कागदावर छापलेले होते. ही १९५२ सालच्या आरंभीची गोष्ट. गावच्या शाळेत मतदान होते. आजोबा पुढे आणि आजी चार पावले मागे, अशी दोघे गेली. शाळेच्या एका खोलीत आडोसा केला होता आणि आडोशामागे लोखंडी पेट्या ओळीने मांडल्या होत्या. एका पेटीवर जोखडातली बैलजोडी होती. आजी सांगायची, "बैलं बघितली आनि हात आपसूक जोडलं गेलं." आम्ही नातवंडे विचारायचो, "मग चिठ्ठी बैलांच्याच पेटीत टाकलीस?" त्यावर ती चुलीतले लाकूड पुढे सारायची आणि म्हणायची, "हात जोडलं खरं. चिठ्ठी कुठं टाकली ते कशाला सांगू?"

आजोबांनाही तिने ते शेवटपर्यंत सांगितले नाही. घरातला बी-बियाण्याचा, लग्नकार्याचा, देण्याघेण्याचा प्रत्येक निर्णय आजोबांचा असे. ही एक चिठ्ठी तेवढी तिची स्वतःची राहिली.

मी इतिहासाचा विद्यार्थी. एम. ए. झाल्यावर शिक्षकी पेशात आलो आणि आता एका हायस्कूलचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्तीकडे डोळे लावून बसलो आहे. शिक्षक म्हटला की निवडणुकीचे काम कपाळी लिहिलेलेच. गेल्या तीस वर्षांत मतदान केंद्रावर कधी शाई लावणारा, कधी यादी वाचणारा आणि पुढे केंद्राधिकारी म्हणून मी किती रात्री परक्या गावच्या शाळेत बाकांवर झोपून काढल्या, याचा हिशेब ठेवलेला नाही. इतिहासाच्या पुस्तकात निवडणुकांचे निकाल असतात. सामान्य माणसाने ते मत नेमके दिले कसे, कोणत्या कागदावर, कोणत्या खुणेने, हे त्यात फारसे नसते. ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आपल्याकडे मताचा अधिकार पहिल्यापासून सगळ्यांना नव्हता, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांत मतदार ठरायचा तो जमिनीच्या साऱ्यावर, करावर, शिक्षणावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि पुढे सायमन कमिशनपुढे मताधिकाराचा प्रश्न लावून धरला होता. प्रौढ माणूस म्हणजे मतदार, एवढी सरळ गोष्ट राज्यघटनेने मान्य केली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एकदम १७ कोटींहून अधिक मतदार यादीवर आले. त्यांतले शेकडा ८५ च्या आसपास लोक निरक्षर. त्यांनी मत द्यायचे कसे, हा पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचा प्रश्न होता.

सेन हे गणित शिकलेले गृहस्थ. त्यांच्या खात्याने काढलेले उत्तर असे की, मतदाराने काहीच लिहायचे नाही, कशावर खूणही करायची नाही. प्रत्येक केंद्रावर जितके उमेदवार तितक्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीवर उमेदवाराचे चिन्ह. मतदाराला एक कोरी चिठ्ठी मिळे. एक रुपयाच्या नोटेएवढा हा कागद नाशिकच्या सरकारी सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला असे. तो आडोशामागे नेऊन हव्या त्या पेटीत टाकायचा की झाले मतदान. देशभरासाठी सुमारे २५ लाख पोलादी पेट्या लागल्या. त्यांतल्या १२ लाखांहून अधिक मुंबईजवळ विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. बाहेरचे कुलूप महाग पडते म्हणून कडी-कोयंड्याची व्यवस्था पेटीच्या आतच बसवली होती.

चिन्हांची यादी आज वाचायला गंमत वाटते. बैलजोडी काँग्रेसची, झाड समाजवाद्यांचे, झोपडी किसान मजदूर प्रजा पक्षाची, हत्ती शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा, पणती जनसंघाची. आणि हाताचा पंजा? तो त्या वेळी फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाकडे होता. नागपूरचे कामगार पुढारी रुईकर यांचा हा गट. पुढे चिन्हे या पक्षाकडून त्या पक्षाकडे फिरली, पण आमच्या भागातले म्हातारे लोक अगदी परवापर्यंत काँग्रेसला "बैलं"च म्हणत असत.

या पद्धतीत खोट होती. कोरी चिठ्ठी म्हणजे धनादेशावर नाव न घालता सही करून देण्यासारखे. मतदार आडोशामागे जाऊन चिठ्ठी पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर येऊ शकत होता आणि तीच चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती देऊ शकत होता. काही भोळ्या लोकांनी चिठ्ठ्या पेटीच्या फटीत न टाकता नुसत्या पेटीवर ठेवल्या. मोजणीच्या वेळी पेट्यांतून फुले निघाली, नाणी निघाली, अर्ज-विनंत्या निघाल्या. आमच्या आजीसारख्या किती जणांनी त्या पेटीला देवाची दानपेटी मानले असेल कोण जाणे.

त्याहून मोठा घोळ दुहेरी मतदारसंघांत झाला. राखीव जागा आणि सर्वसाधारण जागा एकाच मतदारसंघात असत आणि मतदाराला दोन चिठ्ठ्या मिळत. दोन्ही एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकायच्या नाहीत, असा नियम होता. टाकल्या तर एक बाद. १९५२ साली उत्तर मुंबईच्या अशाच दुहेरी मतदारसंघात खुद्द बाबासाहेब उभे होते. नारायण काजरोळकरांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला, आणि त्याच मतदारसंघात बाद झालेली मते ७४ हजारांहून अधिक होती. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी या निकालाविरुद्ध निवडणूक अर्जही केला होता, पण तो फेटाळला गेला. ज्यांनी प्रौढ मताधिकारासाठी आयुष्यभर भांडण मांडले, त्यांच्या पराभवाच्या आकड्यापेक्षा चुकीच्या रीतीने पडलेल्या चिठ्ठ्यांचा आकडा मोठा असावा, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरेही गप्प होतात. दुहेरी मतदारसंघ १९६१ साली कायद्याने बंद झाले.

यादीचा प्रश्न आणखी वेगळा. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून काढून टाकावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख त्यांनी दिली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत हे जास्त घडले. सेन यांनी अशी नावे ठेवायला साफ नकार दिला. कठोर वाटते, पण मला तो निर्णय पटतो. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या बायकांना स्वतःचे नाव उच्चारायला शिकावे लागले. आपल्याकडे नवऱ्याचे नाव उखाण्यात घेतात, पण स्वतःचे नाव घ्यायला उखाणाही नाही.

आमच्या सीमाभागात नावांचे वेगळेच त्रांगडे. मी यादी वाचणारा कारकून असताना कन्नड यादीतली नावे मराठीत हाकारत असे. घरात जी लक्ष्मीबाई ती यादीत लक्ष्मव्वा, शेतावर जो गणपत तो यादीत गणपती. एकदा एक म्हातारी अर्धा तास बाकावर बसून राहिली. तिच्या नावाचा पुकारा दोनदा होऊन गेला होता, पण ते आपलेच नाव हे तिला उमगले नव्हते. शेवटी पोलीस पाटलाने ओळख पटवली.

आजीने पहिले मत दिले तेव्हा आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. १९५७ साली तिने त्याच शाळेत, त्याच खोलीत दुसरे मत दिले ते म्हैसूर राज्यातून. घर हलले नव्हते, विहीर हलली नव्हती, उंबराही तोच होता. तिचे माहेर मात्र चंदगड तालुक्यातले. तो तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूरकडे गेला आणि मुंबई राज्यातच राहिला. भाऊ एका राज्याचा मतदार, बहीण दुसऱ्या राज्याची. मधे जेमतेम पाच-सहा कोसांची वाट. भाऊबीजेला तो आला की निवडणुकीच्या गोष्टी निघत. "तुमच्यात कोण उभं हाय?" या प्रश्नातला "तुमच्यात" हा शब्द आजीला फार लागायचा, असे आई सांगते.

पेट्यांची पद्धत १९५७ पर्यंत चालली. नंतर शिक्क्याचे युग आले. १९६० साली केरळातल्या मुदतपूर्व निवडणुकीत आणि पुढच्या वर्षी ओरिसात प्रयोग झाला आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून एक पेटी, एक छापील मतपत्रिका आणि रबरी शिक्का अशी व्यवस्था रूढ झाली. माझ्या पिढीचे मत याच शिक्क्याने सुरू झाले. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते १९८९ च्या मार्चपासून. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आमच्याकडे लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या. मी वीस वर्षांचा. पांढरी मतपत्रिका लोकसभेची, गुलाबी विधानसभेची. शिक्का हातात घेतला तेव्हा हात थरथरत होता, हे कबूल करायला आता हरकत नाही.

त्या शिक्क्याची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. पुढे केंद्रावर काम करायला लागल्यावर ते मला उमगले. शिक्का गोल नव्हता की साधी फुलीही नव्हती. फुलीच्या टोकांना बाणासारखे एकाच दिशेने वळलेले काटे असत. कारण असे की, शिक्क्याची शाई ओली असताना मतपत्रिकेची घडी घातली तर दुसऱ्या बाजूलाही ठसा उमटतो. मोजणीच्या टेबलावर दोन उमेदवारांपुढे दोन ठसे दिसले तर खरा कोणता? उलटा उमटलेला ठसा आरशातल्यासारखा विरुद्ध दिशेला वळलेला दिसतो आणि खरा लगेच ओळखू येतो. म्हणूनच आम्ही मतदारांना आधी उभी घडी आणि मग आडवी घडी घालायला शिकवायचो. उभ्या घडीने शाई लागली तरी ती त्याच उमेदवाराच्या रांगेत लागते. पण सकाळी सातपासून रांगेत उभी असलेली, काखेत पोर असलेली बाई त्या घड्यांचे शास्त्र काय ऐकणार? ती चार बोटांनी कागदाचा बोळा करून पेटीत कोंबायची. दोन उमेदवारांच्या मधल्या रेषेवर शिक्का मारणारे होते. सगळ्यांनाच एकेक शिक्का मारून "कुणाला वाईट वाटू नये" म्हणणारा एक सज्जन मी स्वतः पाहिला आहे.

संशय मात्र प्रत्येक पद्धतीच्या पाठीमागे लागलेलाच असतो. आज यंत्रावर संशय घेणाऱ्यांना वाटते की कागदाच्या काळात सगळे निर्मळ होते. १९७१ च्या निवडणुकीनंतर बलराज मधोक यांनी आरोप केला होता की, मतपत्रिकांवर रसायन लावून अदृश्य शाईने शिक्के आधीच उमटवलेले होते आणि मतदाराने मारलेला शिक्का नंतर नाहीसा झाला. प्रकरण न्यायालयात गेले, मतपत्रिका तपासल्या गेल्या आणि आरोप टिकला नाही. त्याच १९७१ साली आयोगाने वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायला सुरुवात केली. कोणत्या गावाने कोणाला किती मते दिली हे कळले की त्या गावावर सूड उगवला जातो, हे त्यामागचे कारण. पुढे यंत्रे आल्यावर हे मिसळणे बंद पडले आणि प्रत्येक केंद्राचा आकडा पुन्हा उघड झाला. यंत्राच्या बाजूने आणि विरुद्ध एवढा वाद होतो, पण या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही. आमच्यासारख्या दोन भाषांच्या गावांत कोणत्या गल्लीने कोणाला मत दिले हे सकाळी नऊ वाजता कळणे किती बरे, याचा विचार व्हायला हवा.

आता बेळगावच्या नावावर असलेला एक विक्रम. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून मराठी माणसांनी अर्जांचा पाऊस पाडला. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंडा मतदारसंघात पाण्याच्या प्रश्नासाठी ४८० आणि तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेत १०३३ उमेदवार होते. मोडकुरिचीची मतपत्रिका तर पुस्तकाच्या रूपात छापावी लागली. जुनी पेट्यांची पद्धत असती तर बेळगावच्या एकेका केंद्रावर ४५६ पेट्या मांडायला शाळेचे पटांगणही पुरले नसते!

ती मतपत्रिका मी पाहिली नाही. त्या वर्षी मी गोव्यात एका शाळेत बदलीच्या जागेवर शिकवत होतो. नाव मतदार म्हणून गावात, पोट गोव्यात. रजा मिळाली नाही. वडिलांनी नंतर वर्णन केले ते एवढेच, की चष्मा असूनही चिन्ह सापडेना आणि मागचा माणूस खाकरायला लागला. ज्यांना त्यांनी शोधले ते आमच्याच गल्लीतले होते, म्हणून सापडले म्हणे. इतिहासाचा शिक्षक असून जिल्ह्याच्या इतिहासातली ती मतपत्रिका हातात आली नाही, याची चुटपुट अजून आहे.

त्या आंदोलनाचे फलित काय? प्रश्न जिथला तिथे राहिला, कायदा मात्र बदलला. त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपयांवर गेली. मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक आवश्यक झाले. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष असा क्रम लागला. १९९६ साली देशात १३,९५२ उमेदवार होते, ते १९९८ साली ४,७५० वर आले. मोठ्या अनामतीमुळे हौशे-गवशे गेले हे खरे. पण फाटक्या खिशाच्या माणसाला आपले गाऱ्हाणे मतपत्रिकेवर मांडण्याची एक वाटही बंद झाली, हेही खरे. दोन्ही बाजू मला पटतात. माझ्या विद्यार्थ्यांना हे उत्तर आवडत नाही.

गोव्यात असताना तिथल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची हकिकत सांगितली होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, हा प्रश्न. विलीनीकरणाला चिन्ह फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. त्या मतपत्रिकेवर माणूस नव्हता, पक्ष नव्हता, नुसता प्रश्न होता. १,७२,१९१ मते दोन पानांना आणि १,३८,१७० फुलाला पडली. ते स्वतः फुलाचे. "हरलो, पण आमाला कोणी विचारले तरी," असे ते म्हणाले. मी बेळगावचा. मी काही बोललो नाही, चहा संपवला.

पुढे बेळगावला परत आलो आणि माझी निवडणुकीच्या कामाची उमेदवारी सुरू झाली. १९९८ च्या लोकसभेत माझी नेमणूक दुसऱ्या मतदारसंघात झाली. कर्मचाऱ्याने तेव्हा टपालाने मत द्यायचे असे. त्यासाठी आधी अर्ज, मग टपालाने मतपत्रिका, सोबत प्रतिज्ञापत्र, ते राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित, मग मतपत्रिका आतल्या पाकिटात, आतले पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि हे सगळे मोजणी सुरू होण्यापूर्वी पोचावे लागे. मी अर्ज वेळेत भरला होता. पाकीट माझ्या हाती आले ते मार्चमध्ये, निकाल लागून पेढे वाटून झाल्यावर. ज्या कार्यालयाने पाठवले त्याचे नाव कशाला घेऊ? त्या दिवशी माझ्या केंद्रावर आठशेच्या वर लोकांनी मत दिले. मी त्यांच्या बोटांना शाई लावत होतो. माझे बोट कोरे होते. मी ते पाकीट न फोडता बरेच दिवस ठेवले होते. घराला चुना लावताना कुठेतरी गेले.

मतदारसंघातच नेमणूक असेल तर कामाच्या केंद्रावरच मत देता येईल असा दाखला मिळतो. तरी एका मताची किंमत कर्नाटकाने २००४ साली पाहिली. सांथेमरहळ्ळी विधानसभा मतदारसंघात ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१, एका मताने निकाल लागला. हरलेल्या उमेदवाराच्या गाडीचा चालक कामावर असल्यामुळे मत द्यायला जाऊ शकला नाही, असे सांगतात. खरे असेल तर त्या चालकाला पुढे झोप कशी लागली असेल!

यंत्राची गोष्ट मात्र न्यायालयाच्या पायरीवरून सुरू होते. १९८२ च्या मे महिन्यात केरळातल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर प्रथम यंत्रे वापरली. शिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले. विरुद्ध उमेदवार ए. सी. जोस सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ साली न्यायालयाने म्हटले की, कायद्यात यंत्राची तरतूदच नाही. त्या ५० केंद्रांवर कागदावर पुन्हा मतदान झाले आणि जोस जिंकले. कायदा बदलला तो १९८८ च्या डिसेंबरात, वापराला पुन्हा प्रारंभ १९९८ च्या नोव्हेंबरात. १९९९ साली गोव्याने सबंध विधानसभा यंत्रावर निवडली. तसे करणारे ते पहिले राज्य. २००४ पासून लोकसभेच्या ५४३ जागा यंत्रावर आहेत.

२००४ साली मी प्रथमच केंद्राधिकारी होतो. एक म्हातारी आडोशामागे गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. मी बाहेरूनच विचारले, "काय झालं, आजी?" आतून आवाज आला, "शिक्का दिसंना की रं." मी लांबूनच सांगितले की शिक्का नाही, बटण दाबा. यंत्र वाजले. ती बाहेर आली आणि रागाने म्हणाली, "वरडतंय कशाला? समद्यांस्नी कळाय?" तिची भीती मला तेव्हा हसण्यासारखी वाटली. नंतर वाटली नाही. आवाजावरून कोणाला मत दिले हे कळत नाही, हे तिला समजावून सांगायला मागच्या रांगेने वेळ दिला नाही.

त्या काळच्या एका यंत्रफळीवर १६ नावे आणि चार फळ्या जोडून ६४, एवढीच मर्यादा होती. म्हणजे ४५६ नावे त्यात बसलीच नसती. नव्या पिढीच्या यंत्रांना २४ फळ्या जोडता येतात, ३८४ नावांपर्यंत. २०१९ साली तेलंगणातल्या निजामाबादला शेतकऱ्यांनी अर्ज भरून १८५ उमेदवार उभे केले, तेव्हा एकेका केंद्रावर अशा बारा फळ्या मांडाव्या लागल्या. बेळगावची आठवण मला त्या दिवशी फार झाली.

त्यानंतरच्या सुधारणा झरझर आल्या. २०१३ च्या सप्टेंबरात नागालँडच्या नोकसेन मतदारसंघात कागदी चिठ्ठी दाखवणारे यंत्र आले. ती चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते आणि आतल्या पेटीत पडते. त्याच महिन्यात "वरीलपैकी कोणीही नाही" या बटणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. २०१९ पासून चिठ्ठीचे यंत्र सर्वत्र आहे. सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली गेली. दर विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजतात. म्हणजे आजीची चिठ्ठी फिरून परत आली, फक्त आता ती हातात मिळत नाही.

माझ्या १९९६ च्या चुटपुटीवर उपाय निघेल असे मधे वाटले होते. गावापासून दूर असलेल्या मतदाराला तिथूनच आपल्या मतदारसंघाचे मत देता यावे म्हणून आयोगाने एक यंत्र तयार केले आणि १६ जानेवारी २०२३ ला राजकीय पक्षांपुढे ठेवले. एका यंत्रात ७२ मतदारसंघ. पक्षांच्या शंका निघाल्या आणि ते तिथेच राहिले. आमच्या गावातली निम्मी तरुण पोरे पुण्या-मुंबईला, गोव्याला. ती गणपतीला येतात, शिमग्याला येतात. मतदानाला येतातच असे नाही.

घरी मतदानाची सोय मात्र झाली. हिमाचलातल्या किन्नौरचे श्यामसरण नेगी यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. बर्फ पडण्यापूर्वी तिकडे मतदान उरकले म्हणून २५ ऑक्टोबर १९५१ ला मत देणारे ते देशातले पहिले मतदार मानले जातात. आमच्याच पेशातले, शाळामास्तर. त्या दिवशी त्यांनाही निवडणुकीचे काम होते, म्हणून ते पहाटे आधी आपले मत देऊन कामावर गेले. हे वाचल्यावर मला माझे ते पाकीट आठवले. शंभरी ओलांडलेल्या नेगींनी २ नोव्हेंबर २०२२ ला प्रथमच घरून टपाली मत दिले आणि ५ तारखेला ते गेले.

२०२४ च्या लोकसभेत ८५ वर्षांवरच्या मतदारांना घरून मत देण्याची मुभा होती. आईला ८६ वे चालू होते. तिचे गुडघे गेलेले. मी म्हटले, फॉर्म भरू. ती म्हणाली, "भर." एप्रिलच्या शेवटी एका दुपारी चार-पाच जण आले. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक कॅमेरावाला. त्यांतली एक बाई माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. ती मला वाकून नमस्कार करायला लागली तर आई म्हणाली, "आधी काम कर बाई." त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा देवघराजवळच्या मेजावर उभा केला. आईच्या हातात पेन दिले, कागद दिला. बऱ्याच वर्षांनी मतपत्रिका कागदाची पाहून मी सवयीने पुढे झालो. घडी कशी घालायची ते सांगावे, एवढेच मनात होते.

आईने चष्मा लावला, कागद पदराखाली घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

"तू भायर जा बघू," ती म्हणाली.

मी चप्पल न घालताच पडवीत जाऊन उभा राहिलो.